खांद्यातली गाठ, कॅम्प नंबर ५

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये जीन्सच्या गल्लीत शिरलं की आधी ऐकू येते ती मशिनींची घरघर. खाली दुकान, वर माळ्यावर शिलाई. कुठे आठ मशिनी, कुठे वीस. देशभरच्या बाजारांत स्वस्तात मिळणारी कितीतरी जीन्स इथे कापली, शिवली, इस्त्री केली जाते. कापड जाड असतं. डेनिमचं वजन चौरस यार्डाला साधारण १० ते १४ औंस. पायाच्या शिवणीत त्याचे चार पदर होतात, कमरपट्ट्यावर लूप बसवताना त्याहून जास्त. एवढी जाडी सुईखालून काढायची तर हाताने नुसती दिशा देऊन भागत नाही, ओढावं आणि ढकलावं लागतं. कारीगर स्टुलाच्या पुढच्या कडेवर टेकलेला असतो. पाय पायडलवर, कोपरं अधांतरी, मान सुईकडे वाकलेली. पैसे पीसवर मिळतात, म्हणून बंडल संपेपर्यंत ती मान वर होत नाही.

दिवस संपतो तेव्हा ‘मान धरलीय’, ‘पाठीत चमक भरलीय’, ‘खांद्यात गाठ आलीय’ अशी भाषा सुरू होते. उत्तरेकडून आलेले कारीगर ‘नस चढ गयी’ म्हणतात. आधी बाम लावला जातो, मग मेडिकलमधून दोन गोळ्या येतात, आणि तरीही राहिलं तर कुणीतरी म्हणतं, ‘चांगली जोरात मालिश करून घे, गाठ फुटली पाहिजे.’ तीच मालिश स्पाच्या काचेच्या दारामागे, मंद दिव्यात, ‘डीप टिश्यू’ या नावाने विकली जाते. तिथल्या एका तासाचा दर पीसवर काम करणाऱ्याच्या दिवसभराच्या कमाईला सहज मागे टाकतो. माळ्यावरच्या कारीगराची आणि स्पातल्या गिऱ्हाइकाची समजूत मात्र एकच असते. जितकं जास्त दुखेल तितकं आतपर्यंत पोचेल, आणि आतली गाठ फुटली की दुखणं संपेल.

दुखणं खरं आहे. मालिशीने बरं वाटतं हेही खरं आहे. गाठ फुटण्याची गोष्ट मात्र खरी नाही, आणि ती समजुतीत राहिल्यामुळे माणसं विनाकारण सोसत राहतात.

हे गावच मुळात श्रमावर उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैन्याची छावणी उभारली आणि तिचे पाच भाग पाडले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं त्या रिकाम्या बरॅकींत उतरवण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं. कॅम्पांचे आकडे तसेच राहिले. जुन्या पत्त्यांत अजूनही बरॅक नंबर असतो. घरातच धंदा सुरू करायचा, घरातल्या सगळ्या हातांनी काम करायचं, ही इथली रीत तेव्हापासूनची. जीन्स नंतर आली. जीन्स धुणारी युनिटं वालधुनी नदीच्या प्रदूषणामुळे बंद करावी लागली, त्यावर बातम्या आल्या, खटले झाले. नदीत उतरलेला निळा रंग सगळ्यांना दिसत होता. खांद्यात उतरलेली झीज दिसत नाही, म्हणून तिच्यावर कुणी काही लिहीत नाही.

ही झीज होते कशी?

प्रौढ माणसाचं डोकं साधारण ४.५ ते ५ किलोचं असतं. ते मणक्यावर सरळ तोललेलं असलं की मानेच्या स्नायूंना फार काही करावं लागत नाही. ते पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर केलेल्या गणितानुसार मान ६० अंश झुकली की मणक्यावर सुमारे २७ किलोइतका भार येतो. तो आकडा प्रतिकृतीचा आहे, प्रत्यक्ष माणसावर मोजलेला नाही, पण भार वाढतो याबद्दल वाद नाही.

भारापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. गोणी उचलणाऱ्या हमालाचा स्नायू पूर्ण ताकदीने आवळतो आणि मग सैल पडतो. शिलाईवाल्याचा स्नायू थोड्याच ताकदीने आवळलेला असतो, पण तो तासन्‌तास सुटत नाही. स्वीडनचे संशोधक योरान हेग यांनी १९९१ मध्ये याचं एक स्पष्टीकरण मांडलं आणि त्याला ‘सिंड्रेला’चं नाव दिलं. स्नायूतले तंतू ठरलेल्या क्रमाने कामाला लागतात. हलक्या कामाला सर्वांत छोटे तंतू आधी जागे होतात आणि काम पूर्ण थांबेपर्यंत तेच जुंपलेले राहतात. घरात सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर पाठ टेकणाऱ्या बाईसारखे. काम हलकं म्हणून मोठे तंतू मदतीला येत नाहीत, आणि काम संपत नाही म्हणून छोट्यांना सुट्टी नाही. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूत हे सर्वाधिक घडतं, आणि शिलाईवाले ‘इथे दुखतं’ म्हणून बोट ठेवतात ते नेमकं तिथेच. डेन्मार्कमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही शिलाई मशिनीवरच्या बायकांचं मान-खांद्याचं दुखणं नोकरीच्या वर्षांबरोबर वाढत गेलेलं दिसलं होतं. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणतं. कॅम्प ५ मधल्या कित्येकांच्या बाबतीत तीन महिन्यांची ती रेघ कधीच मागे पडलेली असते.

आता त्या गाठीकडे वळू. बोटाला कडक लागणारी, दाबली की डोक्यापर्यंत कळ नेणारी ती जागा खोटी नाही. अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी १९४० च्या दशकापासून अशा जागांचा पाठपुरावा केला. एका जागी दाबलं तर दुखणं दुसरीकडे कुठे उमटतं, याचे नकाशे त्यांनी तयार केले. पाठदुखीने बेजार झालेल्या जॉन केनेडींवर त्यांनी उपचार केले आणि केनेडी अध्यक्ष झाल्यावर त्या व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबतचा त्यांचा ‘ट्रिगर पॉइंट’वरचा ग्रंथ १९८३ मध्ये आला आणि जगभरच्या फिजिओथेरपिस्टांनी तो वापरला. पण त्या गाठीत नेमकं काय असतं यावर अजून एकमत नाही. एकाच रुग्णाच्या पाठीवर दोन जाणकार तीच गाठ त्याच जागी शोधतील याचीही खात्री नसते. फोडायला आत कडक झालेला गोळा नाही, तो जिवंत स्नायू आहे. त्याच्यावर कोपर रोवून गोळा फोडल्यासारखं करायला गेलं तर फुटतात त्या बारीक रक्तवाहिन्या. दुसऱ्या दिवशीचे काळेनिळे डाग त्याचेच असतात.

स्नायूंवरच्या आवरणाचं, म्हणजे फॅशियाचंही तसंच. ‘चिकटलेलं आवरण सोडवून देतो’ असं अनेक मालिशवाले सांगतात. मांडीच्या बाहेरच्या अंगाला असतं तशा दाट आवरणाचा आकार कायमचा बदलायला किती जोर लागेल याची गणितं झाली आहेत. तेवढा जोर माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा आहे. ‘लॅक्टिक अॅसिड निघून जातं’ हे आणखी एक लाडकं वाक्य. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावून एका पायाला १० मिनिटं मालिश केली गेली आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूचे नमुने तपासले गेले. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. लॅक्टिक अॅसिडमध्ये फरक नव्हता. मालिश झालेल्या पायात मात्र दाह वाढवणारे संकेत कमी झालेले होते. म्हणजे मालिशीने शरीरात काहीतरी खरंच घडतं. लोक सांगतात ते घडत नाही, एवढंच.

मग आतपर्यंत रोवलेल्या कोपराने लगेच मोकळं का वाटतं? त्याचं उत्तर बरंचसं मज्जासंस्थेत आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात. पुढे हेही दिसून आलं की शरीरावर एका जागी तीव्र कळ उठली की मेंदू काही काळ इतर वेदनांचा आवाज खाली आणतो. ‘गोड दुखणं’ म्हणतात ते हे. त्याच्या जोडीला संथ श्वास, ऊब आणि कुणीतरी आपल्याकडे तासभर पूर्ण लक्ष देतंय ही जाणीव. मेंदूला धोका टळल्यासारखं वाटतं, स्नायूला दिलेला आवळून राहण्याचा हुकूम सैल होतो, मान वळते. हे सगळं खरं आहे आणि मोलाचं आहे. ते तास-दोन तास टिकतं, कधी दिवस-दोन दिवस.

जोराचा प्रश्न मोठ्या चाचणीत तपासला गेला आहे. अमेरिकेत डॅनियल चर्किन आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखी असलेल्या ४०१ जणांचे तीन गट केले. एका गटाला दुखऱ्या स्नायूंवर नेमकी, खोल मालिश. दुसऱ्याला अंग सैल करणारी साधी मालिश. तिसऱ्याला नेहमीचे औषधोपचार. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. १० आठवड्यांनंतर मालिश मिळालेले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा स्पष्टपणे बरे होते. खोल आणि साध्या मालिशीत मात्र म्हणावा असा फरक नव्हता, आणि वर्षभराने फायदा बराच ओसरला होता. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने २५ चाचण्या एकत्र पाहिल्या आणि मालिशीच्या परिणामाबद्दलचा पुरावा कच्चा असल्याचं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत मालिशीला जागा आहे. पण व्यायाम आणि माहिती यांच्या शेजारी, एकटीला नाही.

कॅम्प ५ मधल्या माणसासाठी जोराने फरक पडत नाही हा निकाल आनंदाचाच मानायला हवा. दात आवळून सोसण्याची गरज नाही. घरच्या माणसाने कोमट तेलाने, सावकाश, बेताच्या दाबाने चोळलं तरी फायद्याचा मोठा वाटा मिळू शकतो.

बेताचा दाब म्हणजे किती, हे चांगल्या हातांना ठाऊक असतं. खोल मालिशीची खरी पद्धत संथ आहे. तेल थोडंच घेतात, म्हणजे हात घसरत नाही आणि त्वचेखालचा थर धरता येतो. आधी तळहाताने वरचे थर गरम केले जातात, मग बोटांची पेरं किंवा हाताचा कोपरापर्यंतचा भाग स्नायूच्या लांबीने इंचाइंचाने सरकतो, मग तंतूंना आडवा. दुखरी जागा लागली की तिथे अर्धा-एक मिनिट थांबायचं आणि खालचा स्नायू विरोध सोडतो का ते पाहायचं. विरोध वाढला तर हात मागे घ्यायचा. दहापैकी पाच-सहा इतकं दुखत असेल तर ठीक. श्वास अडकू लागला, मुठी आवळल्या, तर स्नायू बचावाला उभा राहिला आणि पुढची मेहनत वाया. पाश्चात्त्य देशांत या पद्धतीला गेल्या शतकात आकार आला. कॅनडात तेरेझ फ्रिमर यांनी खोल स्नायूंच्या उपचाराची पद्धत बसवली, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉ. जेम्स सिरियाक्स यांनी आडव्या घर्षणाचं तंत्र शिकवलं.

महाराष्ट्राला हे तालमीने फार आधी शिकवलं. कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी तालमींत जोर-बैठका आणि लढती झाल्या की पठ्ठे एकमेकांचं अंग रगडत आले आहेत. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारलं तेव्हा कुस्तीबरोबर तिच्याभोवतीची ही सगळी विद्याही राजाश्रयाला आली. त्याआधी कैक शतकं, १२ व्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या कसरतींना स्वतंत्र जागा दिली होती. आयुर्वेदाच्या ग्रंथांत अभ्यंग वेगळं आणि मर्दन वेगळं. तेल जिरवणं एक, स्नायू दाबून मळणं दुसरं. तालमीतल्या रगडण्यामागे एक गोष्ट गृहीत असते आणि शहरात येताना तीच गळून पडली. ज्याचं अंग रगडलं जातं तो पठ्ठा दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हौद्यात उतरणार असतो. मालिश त्याच्या व्यायामाची जोड असते. माळ्यावरचा कारीगर मालिश करून घेतो आणि पुन्हा त्याच स्टुलावर, त्याच कोनात मान वाकवून बसतो.

बायकांचा प्रश्न आणखी वेगळा. शिवून झालेल्या जीन्सचे लोंबणारे दोरे कापायचं काम, ‘धागा कटिंग’, घरोघरी दिलं जातं. जमिनीवर बसून, मांडीवर पँट घेऊन, कात्रीने. अंगठा, मनगट, मान आणि कंबर, सगळं एकदम दुखतं. पीसमागे मिळणारी रक्कम इतकी थोडी की त्यातून स्वतःच्या पाठीवर खर्च करायचं मनातही येत नाही. स्पाच्या नावाभोवती संशयाचं धुकं असल्याने त्या दाराकडे पाय वळत नाहीत. आपल्याकडे बाईच्या अंगाला हक्काने तेल लागतं ते बाळंतपणात. बाळ-बाळंतिणीला मालिश करणाऱ्या मावश्या अंबरनाथ-बदलापूरच्या वस्त्यांतही आहेत. त्यांच्या हातांत पिढ्यांची समज असते. चाळिशी उलटलेल्या, रोज शेकडो दोरे कापणाऱ्या बाईला त्याच मावशीने आठवड्यातून एकदा अर्धा तास दिला तर किती बरं होईल. सव्वा महिना संपल्यावर बाईचं अंग दुखायचं थांबतं, असं आपण कशावरून धरून चालतो?

मात्र हात लावण्याआधी काही गोष्टी विचारायलाच हव्यात. रोज संध्याकाळी बारीक ताप येतो का, वजन उतरतंय का, रात्री झोपेतही पाठ ठणकते का? मणक्याचा क्षयरोग आपल्या भागात दुर्मीळ नाही आणि तो कित्येक महिने साध्या पाठदुखीच्या वेशात राहू शकतो. पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. डावा खांदा आणि जबडा दुखतोय आणि छातीवर दाब आहे, तर तो हृदयाचा झटका असू शकतो. तिथे तेलाची बाटली उघडण्यात गेलेला वेळ जिवावर बेततो. रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असलेल्याला, हाडं ठिसूळ झालेल्या म्हातारीला, पोटरी अचानक सुजून गरम झालेल्या माणसाला खोल मालिश करू नये. पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, जोर लावणं आणि मान झटका देऊन ‘कडकन’ वाजवणं या दोन्ही गोष्टी धोक्याच्या. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. सकाळपासून रात्रीपर्यंत माळ्यावर ऊन न पाहता बसणाऱ्याचं अंग ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही दुखतं. ते मालिशीने भरून निघत नाही.

या प्रश्नांसाठी प्रशिक्षित माणूस म्हणजे फिजिओथेरपिस्ट. देशातलं या विषयाचं पहिलं विद्यालय मुंबईतच, परळच्या केईएम रुग्णालयात, १९५० च्या दशकात सुरू झालं. पोलिओची साथ हे त्याचं निमित्त होतं. उल्हासनगरात शासनाचं मध्यवर्ती रुग्णालय आहे, कामगार विमा योजनेचंही रुग्णालय आहे. विम्याचा लाभ दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत, महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना मिळू शकतो. पीसवर काम करणारा, हजेरीपटावर नाव नसलेला कारीगर त्या कागदावर येतच नाही. घरात धागा कापणारी बाई तर नाहीच नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, आवाजाने येणारं बहिरेपण होतं. बसून-वाकून जडलेलं मानेचं, पाठीचं दुखणं त्या यादीत नव्हतं. बसण्याची सोय सांगणारं त्या कायद्यातलं ४४ वं कलम मुख्यतः उभं राहून काम करणाऱ्यांचा विचार करत होतं. स्टूल कसं असावं यावर ते काही म्हणत नव्हतं.

आणि स्टुलाने फरक पडतो. लॉस एंजेलिसच्या शिलाई कारखान्यांत, मान-खांदे दुखणाऱ्या २७७ कामगारांवर चार महिन्यांची चाचणी झाली. डेव्हिड रेम्पेल आणि सहकाऱ्यांनी ती २००७ मध्ये प्रसिद्ध केली. एका गटाला कामाच्या जागी किरकोळ सोयी दिल्या. दुसऱ्याला त्या सोयींबरोबर उंची बदलता येणारी, सपाट बैठकीची खुर्ची दिली. तिसऱ्याला बैठक वक्र असलेली खुर्ची. दोन्ही खुर्च्यांनी दुखणं कमी केलं, वक्र बैठकीने जास्त. तिथे कुणी कुणाच्या गाठी फोडल्या नव्हत्या. बसायची जागा बदलली होती, आणि चार महिन्यांत महिन्यागणिक वेदनेचा आकडा उतरत गेला होता.

कॅम्प ५ च्या एखाद्या माळ्यावर वीस मशिनींसाठी अशा वीस खुर्च्या एकदम येतील असं आज तरी दिसत नाही. पण मशीन ठेवलेल्या पाटाची मागची बाजू दोन बोटं उचलली तर शिवण डोळ्यांकडे येते आणि मान कमी वाकते. सुईवर स्वतंत्र दिवा लावला तर कारीगर पुढे झुकून पाहत नाही. कोपराखाली चिंध्यांची गादी ठेवली तर खांद्याला हात तोलून धरावा लागत नाही. प्रत्येक बंडल संपल्यावर मिनिटभर उभं राहून खांदे मागे फिरवले तर त्या छोट्या तंतूंना दिवसातून कित्येकदा सुट्टी मिळते. आणि रविवारी घरच्या कुणीतरी कोमट तिळाच्या तेलाने पाठ चोळून दिली, तर त्यानंतरचे मान मोकळी असलेले ते एक-दोन दिवस या सवयी लावून घ्यायला सर्वांत सोपे असतात.